शहाण्णव तासांचे रान

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

ट्रॉफीसाठी, म्हणजे मारलेल्या जनावराचे डोके-कातडे मिरवण्यासाठी, होणाऱ्या शिकारीवर बंदी असावी की नसावी, हा वाद निघाला की दोन्हीकडचे लोक तीन निरनिराळ्या गोष्टींची सरमिसळ करतात. जुलै २०१५ मध्ये झिंबाब्वेत एका अमेरिकी दंतवैद्याने बाणाने मारलेला सेसिल हा ह्वांगे राष्ट्रीय उद्यानातला रानटी सिंह होता. दक्षिण आफ्रिकेतल्या खासगी रानात परवाना काढून मारला जाणारा वयस्क पांढरा गेंडा ही दुसरी गोष्ट. आणि पिंजऱ्यात जन्मलेला, माणसाच्या हातून दूध प्यायलेला, चार दिवसांपूर्वी कुंपणात सोडलेला सिंह ही तिसरी. पहिल्या दोन गोष्टींवर जाणकारांत प्रामाणिक मतभेद आहेत आणि राहतील. हे पत्र तिसऱ्या गोष्टीपुरते आहे, कारण पहिल्या दोहोंच्या बाजूने केलेले युक्तिवाद तिसरीच्या बचावासाठी सर्रास उसने घेतले जातात.

या धंद्याला तिकडे ‘कॅन्ड हंटिंग’, म्हणजे डबाबंद शिकार, म्हणतात. १९९७ मध्ये ब्रिटिश दूरचित्रवाणीवर त्याची छुपी चित्रणे दाखवली गेली आणि जगभर बोभाटा झाला. धंदा त्यानंतर थांबला नाही, वाढला. आज दक्षिण आफ्रिकेत बंदिस्त सिंह सुमारे आठ हजार आहेत, तीनशेहून अधिक ठिकाणी, मुख्यतः फ्री स्टेट, नॉर्थ वेस्ट आणि लिंपोपो या प्रांतांत. त्या देशातल्या रानटी सिंहांच्या दुपटीहून ही संख्या जास्त भरते.

हा सिंह तयार कसा होतो ते आधी पाहू. सिंहीण साधारण ११० दिवस गाभण असते आणि एका वेळी दोन ते चार पिल्ले देते. रानात पिल्ले दीड-दोन वर्षे आईबरोबर राहतात आणि तोवर ती पुन्हा माजावर येत नाही. फार्मवर पिल्ले काही दिवसांतच, कधी काही तासांतच, काढून घेतात. दूध आटले की काही आठवड्यांत मादी पुन्हा माजावर येते आणि वर्षाला दोन विणी निघतात. काढलेल्या पिल्लांची कमाई लगेच सुरू होते. पर्यटकांनी मांडीवर घेऊन फोटो काढायचे, त्याचे पैसे. युरोप-अमेरिकेतल्या तरुण-तरुणींनी ‘अनाथ’ बछड्यांना बाटलीने दूध पाजायचे, त्यासाठी आठवड्याचे शुल्क त्यांनीच भरायचे. बछडे अंगावर घेण्यापलीकडे वाढले की ‘सिंहासोबत फेरफटका’. वर्ष-दीड वर्षात नखे आणि दात तेही अशक्य करतात. मग मोठ्या वाड्यात रवानगी. नराची आयाळ भरायला चार-पाच वर्षे लागतात, तोवर त्याला स्वस्तात पोसायचे एवढेच काम उरते.

स्वस्तात म्हणजे काय, तर पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या, डेअरीतले नर वासरू, म्हातारे गाढव. मार्जारकुळातल्या प्राण्याला अ जीवनसत्त्व तयार स्वरूपात, म्हणजे प्रामुख्याने यकृतातूनच, मिळावे लागते. भाज्यांतल्या कॅरोटीनपासून ते त्याला बनवता येत नाही. पोट साफ केलेल्या कोंबड्यांवर वाढवलेल्या बछड्यात ते कमी पडते, कवटीच्या मागच्या भागाचे हाड जाड होते, मेंदूचा मागचा भाग दाबला जातो. मान वाकडी होते, तोल जातो, नजर आकाशाकडे लागते. नुसते बिनहाडाचे मांस दिले तर कॅल्शियम कमी पडून पायाची हाडे वाकतात. या दोन्ही गोष्टी प्राणिसंग्रहालयांच्या पशुवैद्यांना अनेक दशके माहीत आहेत, टाळायला सोप्या आहेत आणि तरी घडतात. कारण गोळी घालायच्या जनावरावर पशुवैद्याचे बिल कोण करील? २०१९ मध्ये नॉर्थ वेस्ट प्रांतातल्या एका फार्मवर शंभराहून अधिक सिंह दाटीवाटीत सापडले. त्यांतल्या कित्येकांच्या अंगावर खरजेमुळे केसच उरले नव्हते, काही बछड्यांना धड चालता येत नव्हते.

विक्री फोटोवर होते. आयाळीची लांबी, रंग (काळसर आयाळ महाग), चेहऱ्यावरचे व्रण यांवर भाव ठरतो. गिऱ्हाईक घरबसल्या सिंह निवडते, आगाऊ रक्कम भरते, येण्याची तारीख कळवते. त्या तारखेच्या बेताने सिंहाला भुलीचे इंजेक्शन देऊन, ट्रकमधून आणून शिकारीच्या कुंपणात सोडतात. टांझानियात रानटी सिंहाच्या मागे तीन आठवडे फिरावे लागते, खर्च कित्येक पट येतो आणि तरी रिकाम्या हाताने परतण्याची तयारी ठेवावी लागते. इथे तीन-चार दिवसांत हमखास काम होते. विकली जाते ती ही खात्री.

आता कायद्याकडे. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने २००७ मध्ये संरक्षित प्रजातींचे नियम आणले. त्यांत अशी अट होती की बंदिवासात वाढवलेला सिंह मोकळ्या रानात सोडल्यावर २४ महिने स्वतःची शिकार स्वतः करून जगला, तरच त्याची शिकार करता येईल. पैदासकार न्यायालयात गेले. खालच्या न्यायालयात हरले, पण नोव्हेंबर २०१० मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने २४ महिन्यांच्या मुदतीला तर्कसंगत आधार नाही म्हणून ती अट त्यांच्यापुरती रद्द केली. मग प्रांतांनी आपापल्या मुदती ठरवल्या. नॉर्थ वेस्टमध्ये ती ९६ तास आहे आणि कुंपणाचे क्षेत्र किमान १००० हेक्टर.

ही ९६ तासांची मुदत जीवशास्त्रातून आलेली नाही, ती चाऱ्याच्या हिशोबातून आली आहे. प्रौढ नराला दिवसाला सरासरी सहा किलो मांस धरले तर २४ महिन्यांत चार टनांच्या वर होते. म्हणजे त्याच कुंपणातले कुडू, गेम्सबॉक, विल्डबीस्ट हे हरणवर्गी प्राणी, जे दुसऱ्या गिऱ्हाइकांना डॉलरमध्ये विकायचे असतात. दोन वर्षे मोकळा सोडलेला सिंह मालकाचे दुकान खातो. शिवाय अनोळखी नर एकत्र सोडले तर ते भांडून एकमेकांचे तोंड फाडतात आणि ट्रॉफीचा भाव पडतो. म्हणून एका वेळी एक सिंह सोडायचा आणि तो शिकारीला लागण्याआधी संपवायचा. मालकाच्या बाजूने पाहिले तर यात काही वेडेपणा नाही, आणि खरी अडचण तीच आहे. ‘चार दिवस फार थोडे, तीस करा’ अशी मागणी करणारे प्राणीप्रेमी मालकाच्या सोयीचाच प्रश्न विचारत असतात.

हजार हेक्टर ऐकायला मोठे वाटते. अडीच हजार एकरांचे रान आहे. पण हा सिंह जन्मभर गाडीच्या आवाजाबरोबर खाणे येताना पाहत आला आहे. अनोळखी जागी सोडल्यावर तो कुंपणाच्या कडेने येरझाऱ्या घालतो किंवा गाडीवाटेच्या जवळपास बसून राहतो. माग काढणाऱ्यांना तो कुठे सोडला हे ठाऊक असते. माणसापासून पळायचे असते हे त्याला कुणी शिकवलेलेच नसते. क्षेत्रफळ दहापट केले तरी हे बदलत नाही.

गोळीबद्दल फार कमी बोलले जाते, म्हणून थोडे सविस्तर. शिकारी संघटनांच्या नोंदवहीत सिंहाचे माप कवटीच्या लांबी-रुंदीवरून घेतात. त्यामुळे डोक्यात गोळी घालून जागच्या जागी संपवणे टाळले जाते. कवटी फुटली की नोंदही गेली आणि भिंतीवरचे तोंडही. नेम खांद्यामागे, हृदय-फुप्फुसावर धरायचा असतो. जनावर पूर्ण आडवे उभे असेल, पुढचा पाय किंचित पुढे असेल, बंदूक .३७५ बोअरची किंवा त्याहून मोठी असेल आणि हात स्थिर असेल, तर ते काही सेकंदांत कोसळते. सिंह तिरका उभा असेल किंवा गिऱ्हाइकाचा हात थरथरत असेल, तर गोळी पोटात जाते. मग जखमी सिंह झुडपात शिरतो आणि व्यावसायिक शिकाऱ्याला तासभर थांबून त्याच्या मागे जावे लागते. रानातही हे घडते. फरक एवढाच की, बंदिस्त सिंहाचे गिऱ्हाईक बहुधा तेच असते ज्याला अनुभवासाठी वेळ नाही. धनुष्यबाणाची हौस असेल तर विचारूच नका.

कुंपणाचीही एक गोष्ट सांगायला हवी. हरणवर्गासाठी २.४ मीटर उंचीचे पंधरा-वीस तारांचे कुंपण असते, सिंहासाठी त्याला जाळी आणि आतून विजेच्या तारा लागतात. सगळ्यांत खालची तार जमिनीपासून वीतभर उंचीवर असते, सिंहाने खालून उकरू नये म्हणून. आफ्रिकेतले खवले मांजर मागच्या दोन पायांवर चालते; त्या तारेला त्याचे उघडे पोट लागते, झटका बसताच ते गुंडाळी करते, तार गुंडाळीत अडकते आणि झटके बसतच राहतात. कासव धक्का बसला की जागीच आत शिरते आणि मरते. तार थोडी वर घेतली किंवा खालच्या तारेचा प्रवाह दिवसरात्रीच्या वेळेनुसार सांभाळला तर हे बरेच कमी होते. ही आकडेमोड ट्रॉफीच्या हिशोबात कुणी धरत नाही.

तरीही कुंपण म्हणजे पाप नव्हे. दक्षिण आफ्रिकेतले माडिक्वे हे सुमारे ७५,००० हेक्टरचे राखीव रान १९९१ मध्ये पडीक गुरांच्या जमिनीवर उभे राहिले, चहूबाजूंनी कुंपण घालून, बाहेरून हजारो जनावरे आणून. तिथले सिंह स्वतः शिकार करतात, स्वतः पिल्ले वाढवतात. आफ्रिकेत इतरत्र सिंह घटत असताना अशा कुंपणबंद राखीव रानांत ते टिकून आहेत. तेव्हा ‘कुंपण आहे, म्हणून अनैतिक’ हा निकष टिकत नाही.

धंद्याचा मुख्य बचावही तपासून घेतला पाहिजे, कारण तो पोकळ नाही. १९९१ च्या गेम थेफ्ट कायद्याने दक्षिण आफ्रिकेत पुरेसे कुंपण घातलेल्या जमीनमालकाची त्यातल्या वन्यप्राण्यांवरची मालकी पक्की केली. त्यानंतर गुरे काढून वन्यप्राणी ठेवणे परवडू लागले. आज तिथे सुमारे नऊ हजार खासगी वन्यजीव रँचेस आहेत, त्यांखाली पावणेदोन कोटी हेक्टरच्या आसपास जमीन आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून जास्त. पांढरा गेंडा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शंभराच्या आत आला होता. १९६० च्या दशकात उम्फोलोझी या राखीव रानातून तो इतरत्र हलवला गेला, १९६८ मध्ये मर्यादित शिकार सुरू झाली आणि आज त्या देशातले निम्म्याहून अधिक पांढरे गेंडे खासगी मालकांकडे आहेत. बोंटेबॉक हे हरीण तर कधीकाळी १७ उरले होते, शेतकऱ्यांच्या कुंपणांनीच ते वाचले. शिकारीच्या पैशाने जमीन राखली, हे इथे खरे आहे.

पण गेंड्याला गवत लागते. गेंडा विकायचा असेल तर मालकाला शेकडो हेक्टर गवताळ रान राखावेच लागते आणि त्या गवतावर आणखी पन्नास जाती जगतात. सिंहाची पैदास अर्ध्या हेक्टरच्या वाड्यात पोल्ट्रीच्या टाकाऊ मालावर होते. त्या धंद्यातून रानाचा एक हेक्टरही वाढत नाही. त्यांचा दुसरा दावा असा की बंदिस्त सिंह मारल्याने रानटी सिंह वाचतो. टांझानियाला जाणारा शिकारी फ्री स्टेटच्या सिंहावर समाधान मानत नाही. फ्री स्टेटला येणारा टांझानियाचा खर्च करणारच नव्हता. हे सिंह रानात सोडून संख्या वाढवता येईल, हे म्हणणे तर पैदासकारही आता फारसे करत नाहीत. कुणाची आई कुणाची बहीण याची धड नोंद नाही, रोगांची तपासणी नाही आणि माणसाला न भिणारा सिंह गावाशेजारी कोण सोडू देईल?

यावर शिकाऱ्यांनीच काय केले ते पाहण्यासारखे आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या व्यावसायिक शिकाऱ्यांच्या संघटनेने, ‘फासा’ने (PHASA), नोव्हेंबर २०१५ मध्ये मतदान घेऊन बंदिस्त सिंहांच्या शिकारीशी संबंध तोडला. दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, तो निर्णय फिरवला. संघटना फुटली, आफ्रिकेतल्या इतर देशांच्या शिकारी संघटनांच्या महासंघाने फासाला दूर केले आणि २०१८ च्या सुरुवातीला डॅलस सफारी क्लब आणि सफारी क्लब इंटरनॅशनल या दोन बड्या अमेरिकी क्लबांनीही या शिकारीला विरोध जाहीर केला. ही मंडळी काही प्राणीमुक्तीवाली नव्हेत. त्यांच्यात जुना नियम आहे: जनावराला निसटण्याची खरी संधी असली पाहिजे. १८८७ मध्ये थिओडोर रूझवेल्ट यांनी स्थापन केलेला बून अँड क्रॉकेट क्लब तर निसटायला जागा न ठेवणाऱ्या कुंपणात मारलेले जनावर आपल्या नोंदवहीत घेतच नाही. सरकारांनीही दारे लावली: २०१५ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि फ्रान्सने सिंहाच्या ट्रॉफी आणण्यास मनाई केली, ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकेने दक्षिण आफ्रिकेतल्या बंदिस्त सिंहांच्या ट्रॉफी आणणे थांबवले.

अमेरिकी गिऱ्हाईक आटले, तरी हाडांचा धंदा होताच. कातडे आणि कवटी शिकाऱ्याची, बाकी सांगाडा मालकाचा. तो लाओस-व्हिएतनामकडे जात असे आणि वाघाच्या हाडांच्या नावाखाली खपत असे. धोक्यातल्या प्रजातींच्या व्यापारावरील साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या २०१६ च्या परिषदेने रानटी सिंहांच्या हाडांचा व्यापार बंद केला, बंदिस्त सिंहांसाठी दक्षिण आफ्रिकेला वार्षिक कोटा ठरवायची मुभा दिली. २०१७ चा कोटा ८०० सांगाड्यांचा होता. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रिटोरियाच्या उच्च न्यायालयाने २०१७ आणि २०१८ चे कोटे बेकायदा ठरवले, कारण ते ठरवताना प्राण्यांच्या हालअपेष्टांचा विचारच केला नव्हता. ट्रॉफीचा परवाना व्यापाराचे झाकण कसे बनतो याचा नमुना त्याआधीच मिळाला होता: चुमलोंग लेमथोंगथाय या थाई नागरिकाने गेंड्याच्या शिंगासाठी भाडोत्री बायकांना शिकारी म्हणून उभे केले, परवाने त्यांच्या नावे काढले. २०१२ मध्ये त्याला ४० वर्षांची शिक्षा झाली, ती अपिलात १३ वर आली.

या विषयाचा आपल्याशी एक थेट धागा आहे. आपल्या रेहेकुरीच्या माळावर ज्या काळविटाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टाचे कवच आहे, तोच काळवीट १९३० च्या दशकात टेक्सासमध्ये नेला गेला आणि आज तिथल्या रँचेसवर हजारोंनी आहे. चितळ आणि नीलगायही आहेत. टेक्सासमध्ये परदेशी हरणांना हंगाम नाही, संख्येची मर्यादा नाही. ती मालकाची जनावरे. काही हजार डॉलरला एक काळवीट असा भाव आहे. प्रामाणिकपणे सांगायचे तर तिथला काळवीट गवतावर जगतो, माणूस दिसताच पळतो, आपली वीण आपण वाढवतो. बाटलीवरच्या सिंहाशी त्याची तुलना होत नाही. मात्र त्याचा भारतातल्या माळरानाला छदामाचा उपयोग नाही. आणि तिथल्याच पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या पैदास केंद्रांतून जनावरे ट्रकने इकडून तिकडे नेताना मेंदू पोखरणारा क्रॉनिक वेस्टिंग रोग पसरतो. २०१५ मध्ये टेक्सासच्या एका पैदास केंद्रात तो सापडला. त्याला लस नाही, औषध नाही, दूषित जमीन वर्षानुवर्षे दूषित राहते.

विदर्भ-मराठवाड्यात रोही आणि रानडुकरांनी पिके लोळवली की ‘आफ्रिकेसारखी शिकार खुली करा, शेतकऱ्याला पैसे मिळतील’ असा सूर निघतो. शेतकऱ्याचे नुकसान खरे आहे, भरपाई उशिरा आणि अपुरी मिळते हेही खरे. पण आपल्या कायद्याच्या ३९ व्या कलमाने परवानगीने मारलेले जनावरही सरकारी मालमत्ता असते. आफ्रिकेची सारी व्यवस्था खासगी मालकीवर उभी आहे. ते कलम बदलल्याशिवाय तिथला पैसा इथे येत नाही, आणि बदलले तर तो पैसा चार एकरांच्या शेतकऱ्याकडे नव्हे, ज्याला हजार हेक्टरला कुंपण घालता येते त्याच्याकडे जातो.

दक्षिण आफ्रिकेच्या उच्चस्तरीय समितीने २०२१ मध्ये बंदिस्त सिंहांची पैदास, शिकार, बछड्यांचे खेळ आणि हाडांचा व्यापार संपवण्याची शिफारस केली. तिथल्या तत्कालीन पर्यावरणमंत्री बार्बरा क्रीसी यांनी ती स्वीकारली. मालकांना स्वेच्छेने बाहेर पडण्याचे मार्ग सुचवणारा अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला. काम किचकट आहे. बंदिवासात सिंह वीस वर्षे जगतो. आठ हजारांना आसरा देतील एवढी आश्रयस्थाने नाहीत. पहिली पायरी वीण थांबवणे. नराचे खच्चीकरण केले तर आयाळ झडते, म्हणून नसबंदी करावी लागते. माद्यांना संप्रेरकाचे इम्प्लांट किंवा शस्त्रक्रिया. त्याआधी प्रत्येक जनावराला चिप आणि डीएनए नोंद, नाहीतर नवे बछडे जुन्याच्या कागदावर वाढतात. आजारी आणि व्यंग असलेल्यांना दयामरण द्यावे लागेल, हे स्पष्ट बोलण्याचे धैर्य तिथल्याही प्राणीप्रेमी संस्थांना कमीच आहे. हाडांच्या साठ्याची मोजणी करून तो नष्ट केला नाही, तर स्वेच्छेने बाहेर पडलेला मालकही सिंह मेल्याची वाट पाहत बसेल.

महाराष्ट्रातून जोहान्सबर्ग, केपटाऊनच्या सहली निघतात. कार्यक्रमपत्रिकेत ‘बछड्यांसोबत फोटो’ किंवा ‘सिंहासोबत चालणे’ असेल तर पैसे भरण्यापूर्वी सहल कंपनीला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: या बछड्यांची आई कुठे आहे, गेल्या वर्षीचे बछडे आज कुठे आहेत, आणि त्या ठिकाणी पैदास होते का. तिथल्या पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनेने, सात्साने, २०१९ मध्येच बछड्यांना हाताळण्याचे कार्यक्रम टाळावेत असे आपल्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. सहल कंपनीला ते माहीत नसेल तर या पत्राचे कात्रण दाखवावे.

आपला,
एक वाचक, अमरावती